विल्यम्स पेअर: ओळखायचं कसं, पिकवायचं कसं, झाडावरून उतरवायचं कधी

पेअर आवडत नाही म्हणणाऱ्या बहुतेकांनी ते दोन दिवस आधी तरी खाल्लेलं असतं, नाहीतर दोन दिवस उशिरा तरी. आधी खाल्लं की करकरीत, बेचव, जिभेला कणी लागणारं. उशिरा खाल्लं की वरून ठीकठाक आणि कापल्यावर गाभा तपकिरी, गर पिठूळ. मधल्या दोन-तीन दिवसांत मात्र हेच फळ इतकं रसाळ होतं की सुरी लावताच रस मनगटावरून ओघळतो. विल्यम्स या जुन्या वाणात ते दिवस गाठणं हीच खरी कसोटी, कारण हे वाण मुळात घाईचं आहे. लवकर तयार होतं, लवकर पिकतं आणि तितक्याच लवकर उतरतं.

हापूस घरी पिकवणाऱ्याला यातलं निम्मं आधीच ठाऊक असतं. आंबा जून झाला की उतरवतात आणि अढीत घालतात. विल्यम्सही कच्चं पण जून उतरवायचं आणि घरात पिकवायचं. फरक एवढाच की पाडाचा आंबा मिळाला तर घरात त्यावरून भांडण होतं, पाडाचं विल्यम्स मात्र बहुधा टाकून द्यावं लागतं. हे फळ आतून बाहेर पिकतं. झाडावर ठेवलं तर साल अजून हिरवट असतानाच गाभ्याभोवतीचा गर मऊ पडून तपकिरी व्हायला लागतो. शिवाय गरातल्या दगडपेशी, म्हणजे दाताखाली वाळूसारख्या कचकचणाऱ्या कठीण पेशी, अशा फळात जास्त जाणवतात. साका पडलेला हापूस कापल्यावर जसा हिरमोड होतो, तसाच इथेही होतो.

एका झाडाची दोन नावं

इंग्लंडच्या बर्कशायर परगण्यातल्या ऑल्डरमास्टन गावी १७७० च्या सुमारास स्टेअर नावाच्या शाळामास्तरांच्या बागेत हे झाड वाढलं. सुरुवातीला त्याला स्टेअरचं पेअर म्हणत. पुढे लंडनजवळच्या टर्नहॅम ग्रीन इथल्या रिचर्ड विल्यम्स या रोपवाटिकावाल्याने त्याची कलमं विकली आणि फळाला त्याचं नाव चिकटलं: विल्यम्स बाँ क्रेतिएन. बाँ क्रेतिएन हे फ्रान्समधल्या आणखी जुन्या पेअरचं नाव, अर्थ ‘भला ख्रिस्ती’.

अठरावं शतक संपता संपता काही कलमं अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या रॉक्सबरीला गेली. तिथली ती बाग १८१७ मध्ये इनॉक बार्टलेटने विकत घेतली. झाडांचं मूळ नाव त्याला माहीत नव्हतं, म्हणून त्याने ती आपल्याच नावाने पसरवली. १८२८ मध्ये इंग्लंडहून नवी झाडं आली तेव्हा कळलं की बार्टलेट म्हणजे विल्यम्सच. तोवर उशीर झाला होता. म्हणून आजही अमेरिकेत आणि भारतात बार्टलेट, तर ब्रिटन, युरोप, ऑस्ट्रेलिया आणि अर्जेंटिनात विल्यम्स. आपला हापूस कर्नाटकात बदामी होतो, तसंच हे.

जगातलं प्रत्येक विल्यम्स हे त्या एका झाडाच्या कलमाचं कलम आहे. बी पेरून विल्यम्स येत नाही. बियांपासून जे येतं ते वेगळंच झाड असतं, आणि त्यातून क्वचितच काही कामाचं निघतं. ऑस्ट्रेलियातलं पॅकहॅम्स ट्रायम्फ हे विल्यम्सच्या संकरातून आलेलं असंच एक यशस्वी वाण.

फळ हातात घेऊन ओळखा

फळ देठाला धरून डोळ्यांसमोर आणा. खालचा भाग रुंद आणि गोल, मध्याच्या जरा वर खांदा उतरतो, मग आखूड, निमुळती मान. ठोकळमानाने घंटेचा आकार, पण घंटेइतका रेखीव नव्हे. अंगावर हलके उंचवटे असतातच. साल पातळ, स्पर्शाला मऊ, तिच्यावर बारीक तपकिरी ठिपके, आणि देठाच्या मुळाशी अनेकदा गंजासारखी खरबरीत छटा. ऊन लागलेल्या बाजूला कधीकधी पुसट लाली दिसते.

सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे रंग बदलणं. कच्चं विल्यम्स हिरवं, पिकताना पोपटी, तयार झालं की पिवळं. अंजू हे अंड्याच्या आकाराचं हिरवं पेअर पिकल्यावरही हिरवंच राहतं, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवली तर चार दिवसांत आपोआप ओळखू येतात. बॉस्क लांब मानेचं आणि दालचिनीच्या रंगाचं. कॉन्फरन्स सडपातळ, हिरवट-तपकिरी. कोमिस बुटकं आणि गोलमटोल. फसायला होतं ते पॅकहॅममुळे. रंग अगदी विल्यम्ससारखाच, पण अंग जास्त खडबडीत, टेंगळांचं, आणि साल जाड.

लाल बार्टलेटही बाजारात दिसतं. ते वेगळं वाण नाही, विल्यम्सच्याच झाडावर आलेल्या लाल फांदीपासून वाढवलेलं आहे. मॅक्स रेड बार्टलेट अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात झिला इथे १९३८ मध्ये सापडलं. ते पिकताना गडद मरूनपासून उजळ लाल होतं.

दुसरी खूण वासाची. पिकलेल्या विल्यम्सला कस्तुरीकडे झुकणारा, खोलीभर पसरणारा गोड वास येतो. त्यातल्या मुख्य घटकाचं नाव एथिल डेकाडायनोएट. हाच वास सफरचंदाच्या फळपोखरणाऱ्या पतंगाला, कॉडलिंग मॉथला, ओढतो, म्हणून बागांमधल्या कीडसापळ्यांत तो आमिष म्हणून भरतात. फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये याच वासासाठी विल्यम्सची पारदर्शक दारू गाळतात. काही जण लहान फळावरच झाडाला बाटली बांधतात आणि फळ बाटलीतच वाढतं. बाटलीच्या तोंडातून अख्खं पेअर आत गेलं कसं, हे कोडं त्यामुळे सुटतं.

महाराष्ट्रातल्या गाड्यांवर नाशपाती म्हणून जे कडक, कुरकुरीत, पाणीदार फळ मिळतं ते बहुधा आशियाई गटातलं असतं आणि ते कडकच खायचं असतं. त्याला खालचे नियम लावू नका. मऊ पेअरला उत्तरेत बब्बूगोशा म्हणतात, पण त्या नावाखाली एकच वाण येईल असं नाही. नावावर जाऊ नका, वरच्या खुणांवर जा. काश्मीर आणि हिमाचलचा बार्टलेट साधारण जुलैअखेर ते सप्टेंबर बाजारात असतो. वर्षाच्या सुरुवातीला येणारं फळ दक्षिण गोलार्धातलं.

घेताना

हिरवं, कडक, देठ शाबूत असलेलं फळ घ्या. देठ तुटलेल्या जागेतून कुज लवकर आत शिरते. मानेभोवती साल सुरकुतलेली असेल तर फळातलं पाणी गेलं आहे, किंवा ते फार कोवळं काढलं आहे. दोन्ही प्रकारांत ते नीट पिकणार नाही. दाबून बघायची सवय दुकानात नको. विल्यम्सच्या सालीवर बोटाचा दाब लगेच दिसत नाही, पण दोन दिवसांनी तिथे काळा डाग उमटतो. पिवळं झालेलं फळ फक्त आज-उद्या खायचं असेल तरच उचला.

घरी पिकवणं

१. आधी थंडी. ताजं उतरवलेलं विल्यम्स थेट खोलीत ठेवलं तर काही फळं पिकतात, काही नुसती पिवळी पडून रबरासारखी राहतात. थोडे दिवस थंडी मिळाली की सगळी एका तालात पिकतात. व्यापारी शीतगृहात उणे १ ते ० अंश सेल्सिअसला ठेवतात. विल्यम्सला दोन आठवडे पुरतात, अंजूला मात्र दोन महिन्यांच्या आसपास लागतात. घरचा फ्रीज ४ अंशांच्या आसपास असतो. झाडावरून आणलेली फळं तिथे आठवडा ते दोन आठवडे ठेवा. दुकानातून आणलेल्या फळाला ही थंडी बहुधा आधीच मिळालेली असते, तेव्हा ही पायरी सोडा.

२. मग खोली. १८ ते २१ अंशांना, एका थरात, देठ वर करून फळं मांडा. खाली वर्तमानपत्र किंवा पेंढा. एकमेकांना टेकू देऊ नका, एक नासलं की शेजारचं नासतं. चार ते सात दिवस लागतात.

३. घाई असेल तर कागदी पिशवीत एक पिकलेलं केळं किंवा सफरचंद टाकून तोंड दुमडून ठेवा. त्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने एक-दोन दिवस वाचतात. प्लॅस्टिकची पिशवी बांधून ठेवू नका. आत वाफ धरते, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि गाभा तपकिरी पडतो.

४. रोज मान बघा. अंगठा देठाशेजारी मानेवर ठेवून अलगद दाबा. किंचित दबली की फळ तयार. पोट दाबून बघू नका. आतून पिकणाऱ्या फळाचं पोट मऊ लागलं म्हणजे गाभा कधीच उतरलेला असतो. रंग मदतीला येतो, पण शेवटचा शब्द मानेचा. हिरवटपणाची जरा छटा उरलेलं पिवळं फळ कापायला उत्तम. पूर्ण लिंबासारखं पिवळं झालं की ते रस किंवा गर काढायला ठेवा.

५. तयार झालं की फ्रीजमध्ये. तिथे ते दोन-तीन दिवस थांबतं. खाण्याआधी अर्धा तास बाहेर काढा, थंडगार फळाचा वास येत नाही.

उन्हाळ्यात आपल्याकडे एक अडचण येते आणि ती उत्तरेच्या पुस्तकांत सहसा नसते. ३० अंशांच्या वर विल्यम्सची पिकण्याची क्रिया बिघडते. साल पिवळी होते, गर मऊ होत नाही, वास येत नाही. नागपूरच्या मे महिन्यात ओट्यावर ठेवलेलं पेअर याच कारणाने फसतं, आणि दोष उगाच फळवाल्याला मिळतो. रात्री एसी लागणारी खोली, माठाशेजारची सावली, यांपैकी जे घरात असेल ते बघा. तेही नसेल तर फळं दिवसा फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात आणि रात्री बाहेर ठेवा. दिवस जास्त लागतील, पण फळ मऊ होईल.

उलटं टोक म्हणजे फ्रीजमध्ये विसरणं. शीतगृहातसुद्धा विल्यम्स दोन-तीन महिन्यांपलीकडे टिकत नाही. मुदत उलटलेलं फळ बाहेर काढल्यावर पिकतच नाही, साल तपकिरी-काळी पडते आणि गाभा कोसळतो. फ्रीजच्या मागच्या भिंतीला टेकलेलं फळ गोठून काचेसारखं पारदर्शक दिसायला लागतं, त्याचं पुढे काही होत नाही.

कापणं आणि शिजवणं

उभे दोन भाग करा, चमच्याने गाभा गोल उचला, आणि गाभ्यापासून देठापर्यंत जाणारी पांढरी शीर सुरीच्या टोकाने व्ही आकारात काढून टाका. ही शीर राहिली की घास चोथट लागतो. साल काढायची गरज नाही, ती पातळ असते आणि वास तिच्यातच जास्त असतो. फोडी लगेच वाढायच्या नसतील तर लिंबू पिळलेल्या पाण्यात टाका.

शिजवायला किंचित कच्चं फळ घ्या, पूर्ण पिकलेलं पातेल्यात विरघळतं. चार फळांना पाऊण लिटर पाणी, २०० ग्रॅम साखर, अर्ध्या लिंबाचा रस, दोन ठेचलेले वेलदोडे. पाक उकळला की सोललेली अर्धी फळं सोडा, वर कागदाचं गोल झाकण थेट पाकावर टेकवा, म्हणजे तरंगणारा भाग काळा पडत नाही. मंद आचेवर १५ ते २० मिनिटं. सुरीचं टोक सहज शिरलं की आच बंद करून त्याच पाकात गार होऊ द्या. डबाबंद पेअर जगभर मुख्यतः याच वाणाचं असतं, कारण शिजल्यावरही त्याचा आकार आणि वास टिकतो.

पेअरमध्ये सॉर्बिटॉल नावाची साखर असते आणि ती नीट पचत नसलेल्यांचं पोट फुगतं. उपवासाच्या दिवशी रिकाम्या पोटी तीन-चार खाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

झाड लावायचं असेल तर

हा भाग इंग्लंड, अमेरिकेचा पॅसिफिक किनारा किंवा हिमालयाच्या उतारावर राहणाऱ्यांसाठी. विल्यम्सला हिवाळ्यात ७ अंशांखालचे सुमारे ८०० तास लागतात. एवढी थंडी महाबळेश्वरलाही मिळत नाही. तिथे झाड जगेल, पण फुलोरा तुटक आणि फळ नशिबावर.

रोप घेताना खुंट, म्हणजे कलम ज्यावर बांधलं आहे ते खालचं मुळांचं झाड, कोणता हे आधी विचारा. क्विन्स या पेअरच्या नात्यातल्या फळझाडाच्या खुंटावर झाड बुटकं राहतं आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळतं, म्हणून छोट्या बागेत तो खुंट चालतो. पण विल्यम्स आणि क्विन्स यांचा सांधा नीट जुळत नाही. वरून कलम धरल्यासारखं दिसतं, आणि काही वर्षांनी वाऱ्यात झाड सांध्यावर मोडतं. म्हणून चांगले रोपवाटिकावाले मध्ये दोघांनाही मानवणाऱ्या बर्रे हार्डीसारख्या वाणाचा तुकडा घालतात. तसं केलं आहे का, हे विचारायला लाजू नका. पेअरच्याच खुंटावर ही अडचण नाही, फक्त झाड मोठं होतं आणि फळायला उशीर लागतो. हिमाचलात कैंथ या जंगली पेअरचा खुंट वापरतात.

लावताना सांधा जमिनीच्या १० सेंटिमीटर वर राहू द्या. मातीत गेला तर विल्यम्सला स्वतःची मुळं फुटतात आणि बुटकं म्हणून आणलेलं झाड हाताबाहेर वाढतं.

जवळ दुसरं वाण हवं. विल्यम्स स्वतःच्या परागावर नीट फळत नाही. कॉन्फरन्स, कोमिस किंवा बॉस्क चालतं. सेकल चालत नाही. दोघांचे पराग एकमेकांना स्वीकारत नाहीत, आणि नेमकी हीच जोडी लावून वर्षानुवर्षं वाट बघणारे भेटतात. कॅलिफोर्नियाच्या उबदार खोऱ्यांत एकट्या झाडावरही बिनबियांची फळं धरतात. इंग्लंडच्या एप्रिलमध्ये त्या भरवशावर राहू नये. पेअरच्या मधात साखर कमी असल्यामुळे मधमाश्या शेजारच्या दुसऱ्या फुलांकडे वळतात. म्हणून जोडीदार झाड शक्यतो २० मीटरच्या आत असावं.

फळं गोटीएवढी झाली की विरळणी करा. एका घोसात एक, फार तर दोन ठेवा. जास्त ठेवली तर सगळीच लहान राहतात आणि पुढच्या वर्षी झाड दमतं.

मोठा धोका फायर ब्लाइटचा, आणि विल्यम्स त्याला लवकर बळी पडतं. फुलोऱ्याच्या काळात जिवाणू आत शिरतो, कोवळा शेंडा काळा पडून मेंढपाळाच्या काठीसारखा वाकतो आणि पानं जळल्यासारखी लटकत राहतात. दिसलं की कोरड्या दिवशी काळ्या भागाच्या किमान ३० सेंटिमीटर खाली कापा, प्रत्येक काप झाल्यावर कात्री ७० टक्के अल्कोहोलने पुसा, आणि कापलेलं जाळा. नत्राचा हात आखडता ठेवा. खताने फोफावलेली कोवळी फूट या रोगाला पहिली सापडते.

उतरवण्याचा दिवस

इंग्लंडमध्ये ऑगस्टचा उत्तरार्ध ते सप्टेंबरची सुरुवात. कॅलिफोर्नियात जुलैपासून, वॉशिंग्टनमध्ये ऑगस्टमध्ये. तारीख फक्त सावध होण्यासाठी, निर्णय फळावर.

खूण अशी: गडद हिरवा रंग जरा उजळतो आणि सालीवरचे पांढरट ठिपके तपकिरी होतात. मग फळ तळहातात घ्या आणि देठ फांदीला आडवा येईपर्यंत वर उचला. ओढू नका, पिळू नका. देठ फांदीच्या गाठीपासून टक्कन सुटला तर फळ जून आहे. फांदी बरोबर वाकत राहिली तर चार दिवसांनी पुन्हा. त्या गाठीतच पुढची फुलं असतात, ती फळाबरोबर तुटता कामा नये. मोठ्या बागा गराचा कडकपणा मोजणारा दाबमापक वापरतात. विल्यम्स साधारण १७ ते १९ पौंडांवर उतरवतात आणि खाण्याजोगं झाल्यावर तेच २ ते ४ पौंडांवर येतं.

सगळं झाड एका दिवशी मोकळं करू नका. उन्हातली, वरची, मोठी फळं आधी, आतली आठवड्याने. आंब्याचा झेला इथेही चालतो, पण फळ जाळीत पडताना दुसऱ्या फळाच्या देठाने साल भोसकली जाते, म्हणून एकेकच काढा. काढणीआधीच्या आठवड्यांत रात्री फार गार पडल्या तर काही फळं झाडावरच खालच्या टोकाकडून पिकायला लागतात आणि तिथे गुलाबी छटा येते. अशी फळं वेगळी ठेवून लगेच खा, साठवणीत घालू नका.

खात्री वाटत नसेल तर दोन फळं उतरवा आणि आठवडाभर खोलीत ठेवा. मानेशी सुरकुत्या पडून रबरासारखी झाली तर झाडाला आणखी आठवडा द्या. गुळगुळीत राहून पिवळी, मऊ आणि वासाची झाली तर त्याच दिवशी टोपली घेऊन बाहेर पडा.